सभागृहाचा गिलावा

दिवा राहू दे तसाच बारीक. आणि धाकट्या, तू दात काढायचं बंद कर. ऐकीव गोष्ट नाही ही, माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय.

साडू गवंडी. मागल्या वर्षी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, त्याला तिथल्या बांधकामाच्या साहेबांनी बोलावलं. घड्याळाच्या मनोऱ्याशेजारचं ते जुनं सभागृह तुम्ही पाहिलंय. शंभर वर्षांत इथल्या गिलाव्याला तडा नाही, असं पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात. त्याच गिलाव्याला मंचामागे फुगवटा आला होता. साहेब म्हणाले, "रात्रीत भिंत गुळगुळीत करून दे, पहिल्या तारखेपासून तुला नोकरीत कायम करतो." साडूचा जन्म रोजंदारीत गेलेला. जेवला आणि थापी घेऊन निघाला.

फुगवटा ठोकला, तशी खपली पडली आणि आतून केस लोंबले. त्याचं त्याला नवल नाही वाटलं. चुन्याला पकड यावी म्हणून जुने लोक जनावराचे केस कालवायचे, हे बापानं शिकवलेलं. पण हे हातभर लांब. काळे, मधूनच पांढरे.

त्यानं पहारेकऱ्याला विचारलं. तो जांभई देत म्हणाला, "मागं प्रेतं चिरायची खोली होती ना, पोरांना शिकवायला. बेवारशी बायांची डोकी भादरायचे तिथं. केस फुकटात मिळायचे, मग काय!" एवढं बोलून तो चहा प्यायला गेला.

शी! ज्या भिंतीपुढं पदव्या वाटतात, तिच्यात मेलेल्या बायांचे केस. आणि वर तिचाच तोरा!

साडूलाही शिसारी आली. पण नोकरी होती ना. त्यानं झुबका मुठीत धरला. ओलसर लागला. कोमट. तेलाचा खवट वास.

ओढला.

"हळू..."

बाईचा आवाज. भिंतीतून.

साडू थिजला. सभागृहात दुसरं कुणी नाही.

"हळू रे... दुखतं..."

अरे, मी असतो तर धूम ठोकली असती! यानं नाही ठोकली. थापीची धार लावली मुळाशी... आणि कापत सुटला. केस ओठांना चिकटत होते. थुंकायचा... कापायचा. भिंत...

गप्प.

वरून सिमेंट थापलं. गुळगुळीत.

समारंभ झोकात झाला. साडू कायम झाला. पण त्याचं अन्न तुटलं. घास घेतला की ओकारी. पोट मात्र टम्म. शेवटी चिरावं लागलं. डॉक्टर बाहेर आले, मला म्हणाले, "वाचलाय. हा केस खातो का हो?"

"कापताना चार गेले असतील तोंडात," मी म्हटलं.

त्यांनी ट्रे पुढं केला. नाक दाबून मी वाकलो.

वेणी होती. हातभर. तिपेडी... घट्ट घातलेली.