पिवळे जावईबापू

खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या पिवळ्या तरंगत्या यंत्राची काच उपग्रह डोक्यावर येण्याआधी पुसायची, एवढ्यासाठी ती मामाच्या होडीतून निघाली होती. उपग्रह वरून पाण्याचा गढूळपणा सांगायचा आणि तो खरा की खोटा, हे त्याच वेळी खाली आपोआप मोजणाऱ्या या यंत्रावरून ठरायचं. पण दोघांचं कधी जुळेना! उपग्रह म्हणे पाणी नितळ, यंत्र म्हणे चिखल. आजही जुळलं नाही तर यंत्र कायमचं काढायचं, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं. तिने तर ते तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

मामा यंत्राला जावईबापू म्हणायचा. कितीही सरबराई करा, तक्रार ठरलेलीच.

समुद्राकडून आत शिरताना तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. पहिली लाट आली. होडीचं नाक आभाळाकडे गेलं! मामाने इंजिन पुरतं पिळलं. दुसरी लाट अंगावर कोसळली, ब्रशची बादली उडाली आणि होडी आतल्या उथळ पाण्यात धाडकन आपटली.

बादली कुठे दिसते का म्हणून ती मागे वळली. बादली दिसली, पण तिच्याभोवतीचं पाणी तपकिरी होतं. इंजिनाच्या पंख्याने तळाचा गाळ ढवळून होडीमागे लांब पट्टा उमटला होता आणि भरती तो यंत्राकडे नेत होती. दर वेळी मोजणीच्या तोंडावर आपण इथे येतो, आणि दर वेळी पाणी गढूळ निघतं!

"मामा, इंजिन बंद कर."

"अगं, भरती आत ओढेल. आणि काच?"

"राहू दे. आपण जवळ गेलो की तो बिचारा आपलाच चिखल मोजतो, आणि एवढासा पट्टा उपग्रहाला वरून दिसतही नाही."

मामाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. होडी लगेच आत वाहू लागली. दोघांनी वल्ही उचलली. काठाचा खडक जवळ आला. तिने दोर फेकला. निसटला! पुन्हा फेकला. अडकला!

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. ओल्या कपड्यांनी दोघं खडकाला टेकून बसली. तपकिरी पट्टा वाटेतच विरत गेला, गाळ हळूहळू तळाशी बसला. दूर पिवळं यंत्र निवांत डुलत होतं. काचेवर शेवाळ धरलं असेल, या धास्तीने तिचे हात शिवशिवत होते. वरून उपग्रह गेला असेल तेव्हा मामा घोरत होता.

संध्याकाळी प्रयोगशाळेत दोन्ही आकडे पडद्यावर आले. जवळजवळ सारखे! तिला एकदम रडू फुटलं. मामाने आपला ओलाच रुमाल पुढे केला.

"म्हणजे इतके दिवस तक्रार आपलीच होती तर," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला तिने काच आदल्या दिवशीच पुसली आणि उपग्रह यायच्या सकाळी ती हट्टाने घरी बसून राहिली. त्या मोहिमेइतकं अवघड तिला काहीच गेलं नव्हतं.