सात नंबरचं पाणी

मी आयुष्यात सलग सहा आठवडे खोटं बोलले आहे. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. त्याची शिक्षा अजून भोगतेय, म्हणून हे लिहिताना एक शब्दही वाढवून सांगणार नाही. घडलं ते माझ्या घरात. स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये. रविवारी सकाळी साडेसातला, लख्ख उजेडात.

बाबांनी रिटायर झाल्यावर आमच्या जुन्या गाडीचं इंजिन काढून तिला मोटर बसवली होती. स्वतःच्या हातांनी. डिकीत आणि मागच्या सीटखाली ॲसिडच्या बारा बॅटऱ्या. प्रत्येकीला तीन बुचं. एकूण छत्तीस.

दर रविवारी साडेसातला बाबा ती छत्तीस बुचं उघडायचे. बॅटरीचं पाणी घालायचे. मग काचेच्या नळीत ॲसिड ओढून त्याच्या घनतेचा आकडा बघायचे, आणि मी तो वहीत लिहायची. मला ते 'असिस्टंट' म्हणायचे. पगार एक कप चहा.

सात नंबरची बॅटरी कायमची अशक्त. तिचा आकडा घेताना बाबा अगदी हळू आवाजात बोलायचे, जणू ती झोपली आहे.

गाडी मात्र पार थकली होती. ऑफिसला जाऊन परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. मी बाबांच्या मागे लागले होते, लिथियमची बॅटरी बसवू. वजनाला हलकी, पाण्याची कटकट नाही, दुप्पट पळेल.

"मी आहे तोवर या बॅटऱ्यांना हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल, बाबा."

मग बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ते हॉस्पिटलमध्ये गेल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी मी फिटरला बोलावलं. संध्याकाळपर्यंत लिथियम बसली. जुन्या बाराही बॅटऱ्या भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला.

बाबांना चकित करायचं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते घरी नाहीत तोवर उरकून घ्यायचं होतं.

त्या रविवारी दुपारी बाबांनी विचारलं, "असिस्टंट, पाणी घातलंस?"

"हो, बाबा."

"आकडे सांग." वही त्यांनी उशाशी मागवून घेतली होती.

मी तोंडाला येतील ते आकडे सांगितले. बाराशे साठ. बाराशे पन्नास. ते वहीत लिहीत गेले.

"आणि सात नंबर?"

"सुधारतेय."

बाबांचा चेहरा इतका खुलला, की मला खाली बघावं लागलं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "सांगून टाक गं त्यांना. पुढे जड जाईल."

"घरी आले की सांगते."

ते घरी आलेच नाहीत. पडून पडून पाठीला जखम झाली, ती चिघळली. सहा रविवार त्यांनी विचारलं, सहा रविवार मी आकडे सांगितले. त्यानंतरच्या मंगळवारी बाबा गेले.

मला एकच समाधान होतं. त्यांना कळलं नाही. मी दिलेला शब्द मोडला, पण ते मला खरी मानूनच गेले. त्या एका गोष्टीवर मला झोप लागत होती.

पुढचा रविवार. आई आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो.

गॅरेजमधून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

मग थोडी शांतता. मग पुन्हा तीन.

आईचा कप हातातच राहिला. बूच फिरवल्याचा आवाज आम्ही दोघी झोपेतही ओळखला असता.

मी मोजत होते. मोजायचं नव्हतं, तरी मोजत होते.

छत्तीस.

दार उघडलं. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. गाडीत लिथियमच्या सीलबंद पेट्या. त्यांना बूचच नसतं.

पण फळीवरचा पाण्याचा कॅन... अर्धा रिकामा झाला होता. आणि फरशी कोरडी ठाक.

नव्या बॅटरीचा प्रत्येक सेल मोबाईलवर दिसतो. त्या सकाळी एकच सेल लाल झाला होता.

सातवा.

फिटरने तो बदलून दिला. पुढच्या रविवारी साडेसातला पुन्हा सातवाच. "ताई, सेल एकदम नवा आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. "माझी तर अक्कलच चालेना."

चौथ्या रविवारी कॅन तळाला गेला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या बॅटऱ्या परत आण. एक तरी आण."

मी भंगारवाल्याकडे गेले. अकरा बॅटऱ्या केव्हाच वितळवायला गेल्या होत्या.

"एक ठेवलीय," तो म्हणाला. "तुमचे वडील सांगून गेले ना, ही देऊ नका म्हणून."

"फोनवर?"

"छे. इथे आले होते."

"चालत?"

"मग काय उडत येतील?" तो हसला. "हातात पाण्याचा कॅन होता. विचारलं, माझ्या बॅटऱ्या तुझ्याकडे कशा? मी म्हटलं, काका, तुमच्या मुलीनेच दिल्या. म्हणाले, ही एवढी ठेव. या बॅटरीत पाणी घातलं आणि गेले."

बॅटरीवर बाबांच्या अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं... ७.

"कधी आले होते?"

"हा नवा वजनकाटा बसवला त्या सकाळी." काट्यावर तारीख लिहिलेली होती.

मी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. तो माझ्या खोटेपणाचा दुसरा रविवार होता. त्या दिवशी बाबांच्या पायाला वजन बांधलेलं होतं. त्यांना कूस बदलता येत नव्हती.

आणि त्याच दुपारी मी त्यांना आकडे सांगितले होते.

घरी येऊन हॉस्पिटलची पिशवी काढली. इतके दिवस ती उघडायचा धीर झाला नव्हता. वही काढली.

पहिल्या खोट्या रविवारचे आकडे होते. बाराच्या बारा.

पुढच्या पाच पानांवर फक्त तारखा. खाली काही नाही...

पेन चालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येक वेळी.

म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी पाच रविवार ते विचारत राहिले, "असिस्टंट, पाणी घातलंस?" मला पाच वेळा संधी दिली, आणि मी पाचही वेळा म्हटलं, "हो, बाबा."

मला स्वतःची लाज वाटते. आणि राग येतो. हो, गेलेल्या बापाचा राग येतो. एकदा तरी म्हणायचं होतं ना, पोरी, मला माहीत आहे. मी त्यांना फसवत होते, आणि ते मला फसवू देत होते.

सात नंबर आता गॅरेजच्या फळीवर आहे. मी तिच्यासमोर उभं राहून सगळं मोठ्याने कबूल केलं. रडले. काहीच झालं नाही.

आता रविवारी छत्तीस आवाज येत नाहीत. तीनच येतात. नंतर बघावं, तर पाणी खुणेपर्यंत भरलेलं असतं. मी अजून एक थेंबही घातलेला नाही.

तरी दर रविवारी साडेसातला मी वही उघडून, पेन घेऊन दारात उभी राहते. बुचं फिरतात. काचेच्या नळीत ॲसिड ओढल्याचा आवाज येतो...

मी विचारते, "बाबा, आकडा?"

ते मला सांगत नाहीत.