परतीचा तास

जहाज कुठल्याच बंदराला लागणार नसतं, त्या दिवशी न्याहारी लांबत जाते. लोक पुन्हा पुन्हा कॉफी घेतात, खिडकीबाहेर बघतात, तिथे काल होतं तेच पाणी असतं, मग परत ताटाकडे वळतात. सिस्टरला असे दिवस आवडायला लागले होते. आजचा मात्र नको होता.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. रुग्णालयात सगळे सिस्टर म्हणायचे म्हणून नवराही घरात थट्टेनं तीच हाक मारायचा आणि आल्यागेल्यांची करमणूक व्हायची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून तो मास्तर. गेली काही वर्षं मास्तरांची आठवण विरत चालली होती. हाक तेवढी टिकून होती, पण तिच्यातली थट्टा गेली होती. ते तिला खरोखरच ड्यूटीवरची नर्स समजत. "सिस्टर, माझी बायको भेटायला कधी येणार?" असं अगदी अदबीनं विचारत.

"येईल हं संध्याकाळी," सिस्टर म्हणायची आणि त्यांच्या पाठीमागची उशी सरळ करायची. वॉर्डात हे वाक्य तिनं नोकरीभर म्हटलं होतं. घरात म्हणताना ती त्यांच्याकडे बघायची नाही.

या लांबच्या सफरीला मुलीचा विरोध होता. "बाबांना पाण्यावर नेऊन काय करणार आहेस, आई?" सिस्टरनं ऐकलं नाही. मास्तरांनी जन्मभर फळ्यावर समुद्र काढले होते आणि एकही ओलांडला नव्हता.

जाताना जहाज पश्चिमेला चाललं होतं, त्यामुळे मधूनमधून घड्याळ तासभर मागे करावं लागे. इतर जहाजांवर हे काम लोक झोपलेले असताना उरकतात म्हणे. या कप्तानाची तऱ्हा वेगळी. समुद्रावरच्या दिवशी भर दुपारी बाराला भोंगा वाजायचा आणि सगळी घड्याळं परत अकरावर यायची. मग तासाभरानं बारा दुसऱ्यांदा वाजायचे.

पहिल्यांदा तो भोंगा झाला तेव्हा दोघं डेकवर चहा घेत बसली होती. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"अगं, साखर किती घातलीस? नुसता पाक केलायस."

सिस्टर बघतच राहिली. तोच जुना, कुरकुरा आवाज. मग मास्तरांनी मुलीची चौकशी केली, स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला का ते विचारलं, समोरून गेलेल्या एका टोपीवाल्याच्या चालीची बसल्या जागी नक्कल केली. तासभर हे चाललं. पुन्हा बारा वाजले, पुन्हा भोंगा झाला. "तो नळवाला म्हणजे शुद्ध..." एवढं म्हणून मास्तर थांबले. मग म्हणाले, "सिस्टर, इथे गार लागतंय."

सिस्टर भाबडी नव्हती. रुग्ण मध्येच तासभर उजळतो, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. मोकळी हवा, विश्रांती, योगायोग, असं तिनं स्वतःला समजावलं. पुढच्या खेपेला तिनं त्यांना मुद्दाम केबिनमध्ये पडदे ओढून बसवलं. त्याच्या पुढच्या खेपेला चहाच दिला नाही. काडीचाही फरक पडला नाही. त्या जास्तीच्या तासात मास्तर यायचे आणि भोंगा झाला की वाक्य अर्धं टाकून निघून जायचे. शेवटी तिनं कारण शोधणं सोडलं आणि ती नुसती वाट बघू लागली. ती सुखी होती, दुसरा शब्द नाही.

अशा शेवटच्या तासात मास्तरांनी विचारलं, "मी असा नसतो तेव्हा कसा असतो गं?"

"शांत असता," ती म्हणाली. खरं तर ते ओरडायचे. कधी तिचा हात झिडकारायचे, कधी दार धरून बसायचे.

"तुला खोटं बोलणं कधी जमलंच नाही." मास्तर हसले. मग पाण्याकडे बघत वर्गातल्या सुरात म्हणाले, "परतताना आपण पूर्वेला निघणार. तेव्हा बाराचा एकदम एक करतील. इकडे येताना दिलेले तास तिकडे जाताना काढून घ्यायचे, सरळ आहे. आता ते कुणाकडून काढून..."

भोंगा झाला.

आज परतीच्या वाटेवरचा समुद्रावरचा पहिला दिवस होता.

मास्तरांपाशी जे थोडंफार उरलंय तेच आज जाणार, असं सिस्टरनं धरलं होतं. ती हाक जाईल. घास गिळायचा कसा, हेही जाईल. त्याच्या पुढचा विचार ती करत नव्हती. सकाळपासून तिनं त्यांना क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. बारा वाजायच्या सुमारास तिनं त्यांना डेकवर, नेहमीच्या खुर्चीत बसवलं, पाठीमागे उशी लावली आणि स्वतःच्या पांढऱ्या स्कार्फनं त्यांचं मनगट आपल्या मनगटाला बांधून घेतलं.

"हे कशाला, बाई?" चहा घेऊन आलेल्या वेटरनं विचारलं.

"उठून कठड्याकडे जातात."

वेटरनं मान डोलावली. "आज जेवायला घाई होणार बघा. मधला तासच गायब."

समुद्र सपाट होता. इंजिनाची थरथर खुर्चीच्या पायांतून वर येत होती. कुठेतरी ओल्या दोरखंडाचा वास होता. मास्तर बिस्किटाचा तुकडा हातात घेऊन तो कशासाठी असतो ते आठवत होते.

भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांजवळ आले.

सिस्टरला भीती वाटली. तिनं मास्तरांचा हात घट्ट धरला.

"यांच्याकडून नको," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

भोंगा झाला.

घड्याळात एक वाजला होता.

ऊन छान पडलं होतं. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. चांगल्या घरचे वाटत होते. ते तिच्याकडेच बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"सिस्टर," ते म्हणाले. "अगं, सिस्टर..."

"बोला ना. काही हवंय का तुम्हाला?"

वेटर कप उचलायला आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घुटमळला. "बाईंना बरं नाही का?"

"शांत आहे ती," गृहस्थ म्हणाले.

तिच्या मनगटाला काहीतरी बांधलेलं होतं. पांढरा स्कार्फ. त्याचं दुसरं टोक त्या गृहस्थांच्या मनगटाला होतं. गाठ सपाट होती, रक्त अडणार नाही अशी. वॉर्डात शिकवतात तशी. म्हणजे यांच्यासोबत कुणीतरी नर्स असणार, आणि ती यांना असं एकटं सोडून निघून गेली होती. सिस्टरला रागच आला. पेशंटला टाकून असं जायचं नसतं.

ती येईपर्यंत आपणच थांबावं, असं तिनं ठरवलं. गृहस्थांच्या पाठीमागची उशी तिनं सरळ केली.

"रडू नका," ती म्हणाली. "तुमची बायको येईल हं संध्याकाळी."