तुडवणारे : दोन

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

माझं काम तुला माहितीये ना? जंगलाचा एक चौकोन, शंभर मीटर बाय शंभर, पिवळ्या दोरीने आखलेला. बुधवारी तिथे किती पानं पडलेली असतील, माती किती ओली असेल, हे मी सोमवारीच कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून काढते. बुधवारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिथे जाऊन खरोखर मोजते. माझे आकडे तिला आधी दाखवायचे नाहीत, हा नियम. मग दोघींचे आकडे शेजारी ठेवायचे आणि मॉडेल किती चुकलं ते बघायचं. चुकतंच गं. वीस टक्क्यांनी चुकलं तरी आम्ही एकमेकींना टाळ्या देतो.

गेल्या महिन्यात ते चुकायचंच बंद झालं. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. साहेब खूश. मी तर कॉलर ताठ करून फिरत होते. मॉडेल असावं तर असं!

मग एका सोमवारी मी घाईत मॉडेलमध्ये पक्ष्यांची घरटी एकाहत्तरऐवजी सतरा टाकली. बुधवारी लक्षात आलं. म्हटलं, झालं, आता नाक कापलं जाणार. वहिनीचा कागद आला. सतरा!

"नीट मोजलीस ना?"

"नणंदबाई, सतरापर्यंत येतं हो मला मोजता."

मी तिचे आधीच्या आठवड्याचे फोटो काढले. एकाहत्तर. नव्या फोटोंत चोपन्न जागी नुसत्या फांद्या. खाली एक काडी नाही, एक पीस नाही. आणि गेली ती कुठली, तर कुठलीही. हे गेलं, शेजारचं राहिलं, त्याला काही ताळतंत्रच नाही.

मी घाबरले वगैरे नाही हं. फक्त ठरवलं, पुढच्या वेळी आपण स्वतः जाऊन बघायचं.

आता हे नीट ऐक. माणूस फिरला की माती दबते, रोपं मोडतात. म्हणून मॉडेलमध्ये एक रकाना असतो, 'तुडवणारे'. तिथे कायम एक, म्हणजे वहिनी. या सोमवारी मी दोन टाकले, मीही जाणार होते म्हणून. आज सकाळी साहेबांनी ऐनवेळी मीटिंग लावली. वहिनी एकटीच गेली. आकडा तसाच राहिला.

अकरा वाजता तिचा फोन.

"आलीस ते बरं केलंस. पण फोन काय उचलतेस? ये ना पुढे."

"वहिनी, मी ऑफिसात आहे."

"हो का? मग त्या झाडामागे तुझं निळं जाकीट घालून कोण उभंय?"

जाकीट माझ्या अंगावर होतं.

मी ओरडले, चेष्टा नाही, आत्ताच्या आत्ता दोरीबाहेर पड! ती हसायला लागली. "अगदी तुझ्या दादावर गेलीयेस. मुकाट्याने आपलं मागे मागे. बरं, निघाले बाई. हात जरा सैल धर, किती गार पडलाय."

मी मॉडेल उघडलं. रकान्यातले दोन खोडले. बोट एकच्या बटणावर ठेवलं.

एक केलं, तर एकच उरणार.

पण कोण? रकान्यात नाव नसतं गं.

आणि दोन ठेवले, तर दोघी बाहेर. दोरीबाहेर माझा एकही आकडा चालत नाही.

"हं, उचल पाय," वहिनी म्हणाली. मला नाही.

मी परत दोन टाकले. बरोबरच केलं मी. वहिनी गमावायची नव्हती मला.

फोनवर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मग दुसरं दार.

तिथून इथे यायला वीस मिनिटं लागतात. सांग ना, तू काय केलं असतंस?