बत्तिसावं पान

"एक पान कमी पडतंय तुमचं."

छापखान्याचं दार तिनं पुरतं उघडलंही नव्हतं, तोच मशीनमागून आवाज आला. काल फोनवर ती मालकांशी बोलली होती आणि पानं पाठवून दिली होती. मालकांना असा मुलगा आहे, हे त्यांनी काही सांगितलं नव्हतं!

"कमी? अहो, एकतीस आहेत. दोनदा मोजलीत!"

"तेच तर. एक कागद दुमडला की चार पानं होतात. म्हणजे बत्तीस. शेवटचं कोरं जाईल."

उद्या सकाळी प्रदर्शन! कुणी प्रकाशक दारात उभं करेना, म्हणून स्वतःच कॉमिक काढायला निघालेली ती. दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढली, तीही आईचं "राक्षस काढून लग्न जमत नसतं, बाई" ऐकत. आणि आता शेवटचं पान कोरं? लोक म्हणतील, हिची शाई संपली.

"काढते. इथंच. अर्धा तास द्या."

त्यानं स्टूल पुसून दिलं. अंगठ्याला पट्टी होती, कागदानं कापलं असावं.

"एक बोलू? रागावणार नसाल तर..."

"बोला की."

"तुमची ती तलवारवाली... एकतीस पानं अंधाराच्या राजाशी लढते. जिंकतेसुद्धा. पण तिला कुणी पाणी तरी विचारलं का हो?"

ती बघतच राहिली. "तुम्ही वाचलंत?"

"तीनदा. दुसऱ्यांदा चुका शोधायला."

"आणि तिसऱ्यांदा?"

तो गडबडीनं मशीनला तेल घालायला लागला. तेल मघाशीच घालून झालं होतं.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. पान आत गेलं, मशीन धडधडलं... आणि अचानक थांबलं. तिचा जीव टांगणीला!

"काय झालं?"

मशीन त्यानंच थांबवलं होतं; ओल्या शाईचा कागद धरून तो बाहेर आला. चित्रात तलवारवाली थकून बसली होती, आणि चौकटीबाहेरून एक हात पाण्याचा पेला पुढे करत होता. अंगठ्याला पट्टी.

"हा हात..."

"आवडला मला," ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे... हातवालाही."

तो तडक आत वळला. संपलं, तिला वाटलं. उगीच बोलले मी!

तो परत आला तो पेला घेऊन. घाईत अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं.

"चेहरा पुढच्या अंकात दाखवणार?"

"समोर बसावं लागेल. रोज."

"बसतो की!"

तिनं उरलेलं पाणी एका घोटात संपवलं आणि मनातल्या मनात ओरडली — आई, जमतं गं! राक्षस काढूनही जमतं!