बाईंचं फंक्शन

दुपारची वेळ. रक्तपेढीचे म्हातारे शिपाईकाका नेहमीसारखे चिठ्ठी घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होते. फरक एवढाच की आज चिठ्ठीवर त्यांच्याच सुनेचं नाव होतं. वर इस्पितळात ती बाळंतीण झाली होती, रक्त थांबत नव्हतं, आणि तिचं रक्तच असं मुलखावेगळं की पेढीतली एकही पिशवी जुळेना.

तळघराला खिडकी नाही. एक दिवा, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. एकीवर नवी ताई बसे. दुसरी जुन्या बाईंची. त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी तिच्यावर बसायला कुणी धजत नसे.

"ताई, बघा बरं लवकर."

"बघते, काका. हिला कोणत्या गटाचं रक्त चालेल ते सांगणारं फंक्शन बाईंनीच करून ठेवलंय. माझा मॅक्रो, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, त्याला विचारणार, आणि त्या गटाचे रक्तदाते डेटाबेसकडून मागणार."

तिनं बटण दाबलं. यादी कोरी. पुन्हा दाबलं. कोरीच.

"कुणीच नाही, काका..."

"असं कसं? हिच्या मागच्या ऑपरेशनला एका ट्रकवाल्यानं दिलं होतं की! चहात चार चमचे साखर घेतली पठ्ठ्यानं. साखर लक्षात राहिली, नाव नाही राहिलं."

पंखा बंद होता. तरी दुसरी खुर्ची कुरकुरली. हळूच... कुणी टेकल्यासारखी. मग वास आला लवंगेचा.

"काका... तुम्ही लवंग खाताय?"

"दात कुठायत मला?"

बाई मात्र दिवसभर लवंग चघळत. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्यासरशी एक जुनी गोष्ट आठवली. ते हळूच म्हणाले, "एकदा नर्सनं मला चिठ्ठी दिली होती. 'डॉक्टर सांगतील तो गट द्या.' मी बापडा तशीच घेऊन खाली आलो. बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, 'अहो, कपाट काय डॉक्टरांना विचारायला जाणार? आधी वर जा, उत्तर आणा, मग चिठ्ठीत उत्तर लिहा.'"

ताई पडद्याकडे बघतच राहिली.

"अगंबाई! मीही तेच केलंय. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या चिठ्ठीत, अवतरणचिन्हांच्या आत फंक्शनचं नुसतं नाव लिहिलं. डेटाबेस बिचारा त्या नावाचा रक्तगट शोधत बसला!"

तिनं नाव बाहेर काढलं. आधी फंक्शनला विचारलं, मग मिळालेलं उत्तर क्वेरीला जोडलं. बटण दाबलं.

एकच ओळ आली. ट्रकवाल्याची.

फोन गेला, तासाभरात तो धापा टाकत आला. वर तपासलं, जुळलं. दिवेलागणीला सुनेनं डोळे उघडले आणि लेकीला कुशीत घेतलं.

काका सांगायला खाली आले, तर ताई पांढरीफटक.

"काका, बाईंचं फंक्शन आज पहिल्यांदाच उघडून पाहिलं. नावाखाली एक ओळसुद्धा नाही. आत काहीच नाही."

"मग उत्तर...?"

तिनं दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. काकांनी रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले.

"बाई, नात झाली हो मला."

खुर्ची कुरकुरली. कुणी उठताना कुरकुरते तशी. आणि लवंगेचा वास सावकाश जिना चढू लागला... वर, बाळ होतं तिकडे.