बाजूचं दिसत न्हाई

सांगलीत, विश्रामबागच्या चौकात अनसूयाबाई भर रस्त्यात बसल्या होत्या. बसल्या कसल्या, पडल्याच होत्या! मंडईची पिशवी फाटून वांगी चौफेर पांगली होती, आणि हातभर अंतरावर एक जुनी जीप गुरगुरत उभी होती. चौऱ्याहत्तर सालच्या पौषातली ती सकाळ. एवढ्या थंडीतही बाईंना दरदरून घाम फुटला होता.

जीपमधून एक उंचापुरा माणूस घाईनं उतरला. साठी कधीच ओलांडलेली, मिशा पांढऱ्याशुभ्र, अंगात खाकी स्वेटर.

"आवं बाई, लागलं न्हाई न्हवं? तुमी... तुमी आलासा कुठनं?"

"आभाळातून!" बाई कडाडल्या. "धडधडीत बाई रस्ता ओलांडतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो वाकून वांगी गोळा करू लागला. पुढ्यातली सगळी उचलली, पण डाव्या बुटाला टेकलेली दोन तशीच राहिली. बाईंनी ते पाहिलं. घाबरला असेल बिचारा, असं त्यांना वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो वांग्यांची पाटी घेऊन दारात हजर! नाव लालासाहेब, गाव पलूस. बावीस वर्षं लष्करात गाडी चालवली. आता ऊस, मळा आणि लिलावात घेतलेली ती जीप. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. बाईही विधवा, गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा मधुकर आणि सून उमा यांच्याजवळ राहणाऱ्या.

मग दर गुरुवारी जीप येऊ लागली.

"तुमच्या पलूसला वांग्यांशिवाय काही पिकत नाही वाटतं?" एकदा बाईंनी चहाचा कप पुढे करत विचारलं.

"पिकतं की लय. पन... रिकाम्या हातानं यायला काय निमित्त सांगावं, त्ये सुचत न्हाई."

बाईंचे कान तापले. एकोणसाठाव्या वर्षी! त्यांना स्वतःचाच धक्का बसला. त्या लगबगीनं आत गेल्या, आणि साखरेचा डबा उघडून नुसत्याच उभ्या राहिल्या...

फाल्गुनात साताऱ्याची बहीण आजारी पडली. लालासाहेब म्हणाले, "मी सोडतो की." मधुकरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई, एसटीनं जा ना. लोक बघतात." पण बाई जीपमध्येच बसल्या.

हवेत गुऱ्हाळाचा गोड वास होता. वारं पदराशी खेळत होतं, लालासाहेब लडाखच्या बर्फाच्या गोष्टी सांगत होते, आणि बाईंना वाटत होतं, सातारा अजून थोडा लांब असता तर...

कराडच्या अलीकडे डाव्या हाताच्या पाणंदीतून एक बाई रस्त्यावर आली. डोक्यावर उसाच्या वाड्याचा, हिरव्या शेंड्यांचा भारा. जीपचा वेग कमी होईल म्हणून अनसूयाबाई वाट पाहत राहिल्या. वेग कमी झाला नाही. लालासाहेब हसत बोलतच होते. ती बाई आता अगदी डाव्या चाकाशी—

"अहो!!"

बाईंनी किंचाळून चाकच फिरवलं. जीप उजवीकडे फेकली गेली, रस्ता ओलांडून उसात घुसली आणि बंद पडली. क्षणभर कुठंच आवाज नव्हता. मग मागून शिव्या ऐकू आल्या, तेव्हा बाईंच्या जिवात जीव आला. ती जिवंत होती! भारा विखुरला होता, कोपर खरचटलं होतं, एवढंच.

"आंधळा हायस व्हय रं म्हाताऱ्या?" ती ओरडत होती. "घरात गप बसायचं सोडून गाडी कशाला हाकतोस?"

"चुकलं माय," लालासाहेब कसेबसे म्हणाले. विखुरलेलं वाडं त्यांनी स्वतः बांधून दिलं. ती निघून गेली, तसे ते बांधावर बसले.

अनसूयाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला ती दिसलीच नाही."

"न्हाई."

"आणि त्या दिवशी चौकात... मी?"

"तुमी बी न्हाई. दोन वर्सं झाली. म्होरचं झ्याक दिसतंय. बाजूचं दिसत न्हाई. कुनीतरी पडदा वडल्यागत हुतंय."

बाईंना वाटलं, पायाखालची जमीनच सरकली. "ठाऊक असून गाडी चालवत होतात? मला शेजारी बसवून?"

"गाडी सुटली की म्हातारा झालो म्हनत्यात. सोप्यात खाट टाकून देत्यात. मग मानसाला कोन काय इचारत न्हाई... जेवला का, येवढंच."

बाईंना ते ओळखीचं वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. "म्हातारी मीही झालेय, लालासाहेब! मलाही घरात जेवलात का एवढंच विचारतात. म्हणून मी कुणाच्या जिवावर उठत नाही. आज ती गेली असती म्हणजे?"

लालासाहेबांनी मान खाली घातली. "आजपास्नं चाकाला हात लावनार न्हाई," ते हळूच म्हणाले.

लालासाहेबांच्या पुतण्यानं न्यावी म्हणून जीप तिथंच ठेवली, आणि दोघं एसटीनं बहिणीला भेटून परतले. दुसऱ्या दिवशी बाईंनीच त्यांना सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत यायची नाही. थेंब नेमानं टाकलेत तर आहे ती टिकेल. गाडी मात्र कायमची बंद."

"म्हातारपन, दुसरं काय," लालासाहेब पुटपुटले.

"वयाचा थोडा हात असतो. पण दोन वर्षं लपवलंत, ते काही वयामुळे नाही."

त्यानंतरचा गुरुवार कोरडा गेला. पुढचाही. तिसऱ्या गुरुवारी अनसूयाबाई खिडकीपाशी इतक्या वेळा गेल्या की शेवटी उमानं विचारलं, "आई, त्यांची वाट बघताय का?"

बाई दचकल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच. "हो गं..."

मधुकरच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. "आई! या वयात?"

"या वयातच, मधू. आता वेळ कुठे आहे वाया घालवायला?" हे आपण बोललो? बाईंचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. घामानं थबथबलेले लालासाहेब थांब्यापासून चालत आले होते, हात रिकामे. "यष्टीनं आलो," ते अपराधी हसले. "निमित्त काय न्हाई. नुसतंच आलो."

"इतके दिवस कुठे होता?"

"जीप इकाय काढली हुती. गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हायलं, आन हात मागं आला बगा."

अनसूयाबाईंनी क्षणभर विचार केला. "विकू नका. मला शिकवा."

आता तोंडाचा आ वासायची पाळी लालासाहेबांची होती.

चैत्रात, पलूसच्या ऊस निघून गेलेल्या मोकळ्या रानात शिकवणी सुरू झाली. लालासाहेबांचा पुतण्या जीप बांधावर आणून देई आणि मोटेकडे निघून जाई. पुढं बाईंना रस्त्यावर न्यायची वेळ आली, की शेजारी तोच बसणार होता. रानात मात्र गुरुजी एकच.

"क्लच हळू सोडा... हळू. घोड्यागत उडतीया गाडी!"

"तुम्ही मला बघू नका, समोर बघा."

"म्होरं तुमीच बगा. मला बगायला तेवढंच ऱ्हायलंय... म्हंजी, नजर हाय तवर."

जीप ढेकळांवरून डुलत निघाली. बाईंच्या कपाळावर घाम, ओठांवर हसू. आणि शेजारून हलकेच आवाज आला, "अनसूयाबाई... माज्या घरला ऱ्हायला येता का? लगीन करून?"

खाडकन हिसका बसला. जीप उडाली, खोकली आणि रानाच्या मधोमध बंद पडली. बाई पुतळ्यासारख्या समोर पाहत राहिल्या. एवढी मोठी गोष्ट, आणि ती अशी, चालत्या गाडीत!

"क्लच सोडलासा तुमी," लालासाहेब घाबरून म्हणाले.

"असलं काही बोललात तर पाय जागेवर राहील का माझा?"

"चुकलं. परत न्हाई बोलनार."

अनसूयाबाईंनी पदर सावरला, गाडी न्यूट्रलला टाकली, हातानं ब्रेक ओढला. मग वळून त्यांच्या अगदी समोर चेहरा आणला, त्यांना पुरता दिसेल असा.

"बोला," त्या म्हणाल्या. "आता गाडी उभी आहे. मधूला मी सांगते."